पहिला तंबू गच्चीवर

आमचा पहिला तंबू डिंडोलीच्या गच्चीवर लागला आणि रात्री साडेअकराला उठला. धाकट्याला तहान लागली, मोठीला डास चावले, मला पाठीखाली फरशी टोचायला लागली, आणि दोन मजले खाली पंखा आहे हे चौघांनाही ठाऊक होतं. अर्ध्या तासात सगळे आपापल्या गादीवर. ही फजिती मुद्दाम सांगतोय, कारण ती इथे झाली म्हणून पुढच्या महिन्यात अंबिका नदीच्या काठी झाली नाही. पाण्याची बाटली उशाशी हवी, आत शिरलं की पहिल्या सेकंदाला जाळीची चेन ओढायची, आणि पाठीखाली गोधडी एक नव्हे दोन लागतात, हे तीन धडे गच्चीने फुकटात दिले.

सुरतेत खानदेशी घरं हजारोंनी आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, कुठेही हाक मारा, मराठीत उत्तर येतं. सुट्टी लागली की भुसावळकडच्या गाडीत बसायचं, नंदुरबार नाहीतर अमळनेर गाठायचं आणि आजीच्या अंगणात ओळीने अंथरुणं टाकायची, हेच आमचं लहानपणचं कँपिंग. आता त्या अंगणावर स्लॅब पडलाय आणि आजी आमच्याकडे फ्लॅटमध्ये आलीय. पोरांना आभाळाखाली झोपवायचं तर बेत आखावा लागतो.

पोरांना हुरूप यावा म्हणून मी एकदा सांगून पाहिलं, की सुरतेत तंबू ठोकणारे आपण काही पहिले मराठी नव्हे. ६ जानेवारी १६६४ या दिवशी सुरतेवर चाल करून शिवाजी महाराज शहरापाशी पोचले आणि बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत त्यांचा तंबू पडला. मोठी सुरतेतच शिकते. तिने विचारलं, "मग पप्पा, आपण कोणाच्या बाजूचे?" उत्तर देण्यापेक्षा दोऱ्या ताणणं सोपं गेलं.

गच्चीची तालीम

तंबू विकत घ्या, कोणाचा मागून आणा, काहीही करा, पण तो पहिल्यांदा जंगलात उघडू नका. गच्चीवर दोनदा लावा: एकदा उजेडात, एकदा अंधार पडल्यावर टॉर्चच्या उजेडात. स्लॅबमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत, तेव्हा दोऱ्या पाण्याने भरलेल्या पाच-पाच लिटरच्या कॅनना किंवा विटांना बांधायच्या. वीस मिनिटांत उभा राहिला की तालीम झाली. मग एक पूर्ण रात्र वर काढायची. नियम एकच, शौचालयाखेरीज कोणी खाली उतरायचं नाही. विसरलेली वस्तू आणायलाही नाही. जे विसरलं त्याची तिथल्या तिथे वहीत नोंद करायची, तीच तुमची सामानाची खरी यादी. दुसऱ्याच्या छापील यादीत माझ्या धाकट्याची ती एक विशिष्ट मऊ चादर कशी असणार?

तालमीसाठी संक्रांतीचा आठवडा मात्र टाळा. १४ जानेवारीच्या अलीकडे-पलीकडे सुरतेच्या गच्च्या पतंगवाल्यांच्या असतात आणि मांजा तंबूचं कापड आणि माणसाचा गळा यात फरक करत नाही.

तिथी बघून तारीख

तालीम झाली की खरा तंबू डांगच्या जंगलात. तिथे जायचं ते दिवाळीनंतर, फेब्रुवारी अखेरपर्यंत. पावसाळ्यात डांग सुंदर दिसतो हे खरंच, पण अंबिका, पूर्णा, खापरी या नद्या वर कुठेतरी पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही चढतात. लहान मुलं घेऊन तेव्हा तंबूत राहायचं नाही, पक्क्या छपराखाली राहायचं. मार्चपासून ऊन, वाळलेला पाला आणि वणवे.

दिवाळी ते लाभपाचम हा आठवडाही सोडा. कापड बाजार बंद असतो आणि अर्धी सुरत सापुताऱ्याच्या घाटात गाड्या घेऊन उभी असते. त्यानंतरचा शनिवार-रविवार पाहा, किंवा थेट डिसेंबर.

आता कालनिर्णय भिंतीवरून काढा. तारे बघायचे म्हणून हौशी लोक अमावास्या धरतात. मुलांच्या पहिल्या रात्रीला अमावास्या नको. शहरातल्या पोरांनी खरा काळोख पाहिलेलाच नसतो, आणि पहिल्याच भेटीत तो पूर्ण अंगावर आला तर दुसरी भेट होत नाही. पौर्णिमाही नको, तारे धुऊन निघतात. शुद्ध अष्टमी ते दशमी धरा. संध्याकाळी चंद्र डोक्यावर असतो, जेवण, भांडी, शौचाला जाणं सगळं त्याच्या उजेडात होतं, आणि मध्यरात्रीच्या पुढे-मागे तो मावळला की उरलेलं आभाळ ताऱ्यांना मोकळं. पहाटे एखादं पोर उठलंच तर त्याला उत्तरेकडे उंच चढलेले सप्तर्षी दाखवता येतात.

जागा

पहिल्या खेपेला जंगलात कुठेही गाडी थांबवून तंबू ठोकायचा नाही. अभयारण्यात तशी परवानगी नसते आणि मुलांसोबत त्यात शहाणपणही नाही. वन विभागाची शिबिरस्थळं आहेत तिथे जा. सुरत जिल्ह्यातच मांडवी तालुक्यात केवडी आहे. व्यारा आणि उनाईच्या बाजूला अंबिकेच्या काठी पदमडुंगरी. वघईजवळ किलाद, तेही अंबिकेवरच. आणि डांगात आत, पूर्णा अभयारण्यात नदीकाठचं महाल. झोपड्या किंवा तंबू, शौचालय, सांगितलं तर जेवण, अशी सोय असते. बुकिंग आधी करावं लागतं.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्यांदा पदमडुंगरी किंवा केवडी. सुरतेहून सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाआधी पोचता येतं आणि काही बिनसलं तर रात्री घरी परतता येतं. परत येता येतं हे ठाऊक असलं की आईवडील निवांत असतात, आणि आईवडील निवांत असले की पोरं घाबरत नाहीत. महाल सगळ्यात देखणं, पण ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला.

किलादला जायला एक गंमतीची वाट आहे. बिलिमोऱ्याहून वघईला छोट्या रुळांची गाडी जाते. बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातली, १९१३च्या सुमाराची, ६३ किलोमीटरची लाइन. सागाच्या जंगलातून ती इतक्या सावकाश जाते की पोरं खिडकीतून झाडं मोजतात. चालू आहे का आणि वेळ काय, हे निघण्याआधी रेल्वेकडून बघून घ्या. सामान मात्र तेवढंच न्यायचं जेवढं मुलं स्वतः उचलतील.

बुकिंग करताना फोनवर पाच गोष्टी विचारा: पिण्याचं पाणी कशाचं, शौचालय झोपण्याच्या जागेपासून किती पावलांवर, रात्री दिवा किती वाजेपर्यंत, चूल पेटवायला जागा ठरवून दिलीय का, आणि सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता. पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा ही उत्तरं वहीत उतरवा. डांगात मोठा सरकारी दवाखाना आहव्याला आहे. आणीबाणीला १०८, पण त्यासाठी रेंज कुठल्या वळणावर येते हे पोचल्याबरोबर तिथल्या माणसाला विचारून ठेवा.

कामं वाटा, कार्यक्रम नको

आमची दुसरी सहल पहिलीपेक्षा वाईट झाली, कारण मी कार्यक्रम आखला होता. चार ते पाच पक्षी, पाच ते सहा पानं गोळा करणं, सहा ते सात गोष्ट. साडेचारलाच दोघं "आता काय?" म्हणून माझ्याकडे बघायला लागली. जे पोर घरी "बोअर होतंय" म्हणतं ते तंबूतही म्हणतं; रमवणाऱ्याची वाट बघायची सवय त्याच्यासोबत गाडीत बसून येते.

तेव्हापासून कार्यक्रम बंद. आता प्रत्येकाला एक खरं काम असतं. खरं म्हणजे असं, की ते झालं नाही तर सगळ्यांची पंचाईत होईल. "चमचे मांड" हे खरं काम नव्हे. धाकटा सात वर्षांचा आहे, त्याच्याकडे खुंट्या. चौदा खुंट्या मोजून घ्यायच्या, ठोकताना हातात द्यायच्या, उपटताना परत मोजायच्या. मोठी अकरा वर्षांची, तिच्याकडे पाणी. पिण्याच्या पाण्याचा कॅन कुठे, किती उरलं, कोणी भांडी धुवायला ते वापरलं का, याचा जाब ती मलाही विचारते. माणशी दिवसाला पिणं आणि स्वयंपाक मिळून चार लिटर धरले तर हिवाळ्यात कमी पडत नाही. हा हिशोब तिनेच घरी गुणाकार करून काढायचा. तिच्या मामेभावाकडे, तो तेरा वर्षांचा, आगपेटी. आगपेटी त्याच्या खिशात, आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय ती उघडायची नाही.

१९०७ साली इंग्लंडात ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी वीस-एक मुलं नेऊन जे शिबिर भरवलं आणि ज्यातून पुढे स्काउट चळवळ आली, तिथेही मुलांच्या लहान तुकड्या करून कामं त्यांच्यावर सोपवली होती. पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला टॉर्च द्या. ती हरवली तर अंधार होईल एवढंच सांगायचं. हरवत नाही. (आमच्याकडे एकदा हरवली होती. त्याच्याच पँटीत निघाली.)

सामान, आणि सुरतेची खास भानगड

तंबू, खाली अंथरायला ताडपत्री, माणशी दोन गोधड्या, कानटोप्या, पाण्याचे कॅन, माणशी एक टॉर्च आणि जास्तीचे सेल, शिट्ट्या, सुतळी, छोटी खुरपी, एक जुनी साडी. ही जुनी साडी आमच्या यादीत सगळ्यात वर असते. पडदा, झोळी, दोरी, गाळणं, कपडे बदलायचा आडोसा, तिला येत नाही असं काही नाही. औषधांच्या डबीत तापाचं औषध मुलांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून, बँडेज, जंतुनाशक, डासांचं मलम आणि ओआरएसच्या पुड्या. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट भरायचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

आता कपडे. आपलं शहर पॉलिएस्टरवर जगतं. इथली पोरं त्यातच वाढतात, सणाचा कुर्ता, शाळेचा ट्रॅकसूट, अंगावरची शाल, सगळं आपल्याच यंत्रमागांवरचं किंवा शेजाऱ्याच्या. तेच कपडे घालून ती शेकोटीला बसतात. सुती कपड्यावर ठिणगी पडली तर भोक पडतं, झटकता येतं. पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणून शेकोटीजवळ अंगात सुती किंवा लोकरी कपडे आणि ओढणी-शाल गुंडाळलेली, लोंबती नाही. सिंथेटिक जाकीट तंबूत काढून ठेवायचं. तंबूही त्याच जातीच्या कापडाचा, तेव्हा आग त्याच्यापासून निदान पंधरा पावलं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. चिकटलेला कपडा ओढायचा नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. पाणी झालं की दवाखाना.

तंबू लावताना

उजेड असतानाच पोचा, हे इतकं साधं वाक्य पाळायला आम्हाला तीन सहली लागल्या. निघायला उशीर करण्यात सुरती आणि खानदेशी दोन्ही रक्त एकत्र आलं की विचारूच नका. वघईच्या पुढे घाट आहे. घाटात मुलांना मोबाइल द्यायचा नाही, पोटभर दूध पाजून बसवायचं नाही, समोरच्या काचेतून लांब बघायला लावायचं. तरी पिशव्या हाताशी ठेवा.

नदीकाठची मऊ वाळू बघून मोह होतो. एका डिसेंबरात आम्ही तिथेच लावला. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत नदीच्या पात्रात जमते; पहाटे दवाने कापड ओलं आणि पोरं कुडकुडलेली. पात्रापासून वर, थोड्या चढावर, सपाट जागा बघा. डोक्यावर वाळकी फांदी नको, मधमाश्यांचं मोहोळ नको. मुंग्यांची रांग कुठून जाते हे पोरांना शोधायला सांगा, ते त्यांना आपल्यापेक्षा लवकर दिसतं.

जागेवरचे खडे मुलांनी वेचायचे. मग एकाने मध्ये आडवं पडून बघायचं: डोकं पायांपेक्षा किंचित वर येईल अशी दिशा ठरवा. ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चार बोटं आत घडी करून घाला. बाहेर डोकावली तर दव आणि पाऊस तिच्यावर जमून नेमका तुमच्या गोधडीखाली येतो. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. खुंटी सरळ ठोकायची नाही, तिचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं हवं, म्हणजे दोरी ताणली की ती जमिनीत आणखी रुतते. प्रत्येक दोरीला त्या जुन्या साडीची पांढरी चिंधी बांधा, नाहीतर अंधारात धावणारं पोर तिच्यावर आपटणारच.

वरची हवेची खिडकी थंडीतही बंद करू नका. चौघांचा श्वास रात्रभर कोंडला की कापडाला आतून पाणी सुटतं आणि पहाटे थेंब नाकावर पडतात. पोरांना वाटतं पाऊस आला. आणि कितीही गारठा असो, शेगडी, निखारे, पेटता स्टोव्ह तंबूत न्यायचा नाही. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतून उठत नाही.

चूल

पहिलं जेवण घरून बांधून आणायचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी. भुकेली पोरं आणि न पेटणारी चूल ही जोडी टाळायची. रात्रीची खिचडी पाच किलोच्या सिलिंडरवर: चौघांना दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, घरून परतून नेलेला मसाला. सोबत भाजलेला पापड. एवढंच.

खरा सोहळा दुसऱ्या दिवशीचा, आणि तो चूल पेटवायची परवानगी असेल तिथेच. रायगडात जिला पोपटी म्हणतात, तिचं नवसारी-वलसाडकडचं भावंड उंबाडियू. हिवाळ्यात त्या पट्ट्यात हायवेच्या कडेला मडकी उलटी घालून धूर निघताना दिसतो. रायगडात भांबुर्ड्याचा पाला घालतात, इकडे कलार. पाला तुमच्या ओळखीचा नसेल तर जंगलातलं कुठलंही पान उपटून घालू नका, घरून केळीची पानं न्या.

एक नवं मातीचं मडकं. वालपापडीच्या शेंगा, छोटे बटाटे, रताळी, कंद. शेंगा पोरांनी निवडायच्या, किडकी बाजूला काढायची. बटाट्यांना चिरा देऊन त्यात हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, ओवा, जाडं मीठ यांचं वाटण भरायचं. मडक्याच्या तळाला पानं, त्यावर कंद-बटाटे, वर शेंगा, मध्ये मध्ये ओवा-मीठ, आणि तोंडात पुन्हा पानं इतकी घट्ट कोंबायची की मडकं उलटं केलं तरी काही पडणार नाही. पाणी एक थेंब नाही. जमिनीवर मडकं उपडं ठेवायचं, भोवती आणि वर गोवऱ्या, काटक्या, वाळकं गवत रचायचं. इथे मामेभावाची आगपेटी निघते.

अर्धा-पाऊण तास जाळ. वरून पाण्याचा शिंतोडा मारला आणि तो चर्रकन उडाला की झालं म्हणायचं. निखारे काठीने बाजूला करायचे आणि मडकं मोठ्या माणसाने जाड ओल्या कपड्याने उचलायचं. तिथल्या स्वयंपाकघरातल्या मावशी नागलीच्या भाकरी करून देतात, ठेचा आपला. आमच्या आईची अहिराणी आणि त्या मावशींची डांगी एकमेकींना चांगलीच कळते. नात पाण्याचा हिशोब सांगत असताना या दोघी भाकरी थापत मुला-सुनांचा हिशोब काढत होत्या.

उरलेलं अन्न तंबूत ठेवायचं नाही. अन्नामागे उंदीर, उंदरामागे साप. गाडीत बंद करा. आणि निजायच्या आधी शेकोटीवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हात वर धरून ऊब लागत नाही ना ते बघा.

रात्र

झोपायच्या आधी सगळ्यांनी एकत्र शौचाला जाऊन यायचं. शौचालय नसेल अशा जागी नदीपासून साठ-सत्तर पावलं लांब, खुरपीने वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटायची. मुलांना हे फार आवडतं, मांजरासारखं म्हणून.

मग दिवे बंद. डिसेंबरात पूर्वेला मृग वर येतो, त्याच्या तीन ताऱ्यांच्या ओळीत खाली गेलं की व्याध, वर गेलं की रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांत किती तारे दिसतात ते प्रत्येकाने गुपचूप मोजायचं आणि मग आकडा सांगायचा. सुरतेत डिंडोलीवरून आम्हाला मृगाचे तीन तारेच सापडतात.

आवाज आले की भीती वाटणार. "काही नाही, झोप" म्हणू नका, काहीतरी आहेच. कान देऊन ऐकायला लावा: हे वाळक्या सागपानावर पडलेलं दव, ही टिटवी, हे गावातलं कुत्रं. माहीत नसेल तर "मलाही माहीत नाही, सकाळी विचारू" म्हणा आणि सकाळी खरंच विचारा. डांगात बिबटे आहेत, म्हणून अंधार पडल्यावर कोणतंही मूल एकटं कुठे जात नाही, बाहेर उघड्यावर झोपत नाही.

सापाचं नाव रात्री घ्यायचं नाही अशी आमच्या आईची रीत. मी दिवसा घेतो. विषारी चार लक्षात ठेवा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही, म्हणून बुडाला शिवलेली जमीन आणि बंद चेन असलेला तंबू हीच खरी राखण. रात्री बाहेर पाऊल टाकण्याआधी टॉर्च, सकाळी बूट झटकून मगच पाय आत. चावलंच तर तो हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, चालवू नका, १०८ ला कळवा, सरकारी दवाखान्यात न्या. ब्लेड मारायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही.

हिवाळ्यात वाळलेल्या शेंगांची खाजकुयली हाही एक शत्रू. सोनेरी लव असलेली शेंग मखमलीसारखी दिसते आणि पोरं हात लावतात. लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून अलगद ओढायची, मग धुवायचं.

सकाळ, आणि हरवलं तर

पोरांना फिरायला नेण्याआधी गळ्यात शिट्टी आणि एक नियम. वाट चुकली तर शोधायला निघायचं नाही, जवळचं मोठं झाड धरून तिथेच बसायचं आणि तीन-तीन शिट्ट्या वाजवायच्या. गच्चीवर, मग सोसायटीच्या बागेत याचा खेळ करून घ्या. उगाच वाजवली तर शिट्टी जप्त.

नदीत गुडघाभरच. पाणी हिवाळ्यात शांत दिसतं, पण दगडांना शेवाळ आणि मध्येच डोह. एक मोठं माणूस प्रवाहाच्या खालच्या अंगाला पाण्यात उभं राहील, काठावर मोबाइल बघत बसणार नाही. वघईजवळचा गिरा धबधबा कठड्याच्या अलीकडूनच बघायचा.

आवरायला दोन तास धरा. तंबू ओला गुंडाळावा लागला तरी हरकत नाही, पण घरी पोचल्या दिवशीच गच्चीवर सुकवायचा. उद्यावर गेला तर बुरशीचा वास जन्मभर जात नाही. कचरा सगळा आपल्या पिशवीत परत. खुंट्या धाकटा मोजतो. मागच्या खेपेला तेरा भरल्या. त्याने सगळ्यांना गाडीतून उतरवलं, वाकून गवत शोधायला लावलं, वीस मिनिटं गेली, सापडली नाही. खुंटी हिरवी होती. नवी उधन्याच्या हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते, लाल घ्या.